अंतर खरं, वेळ मात्र बंडल: आडबाजूच्या दोन विमानतळांमधलं गणित

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत, त्यात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन चिमुकली बेटं शेजारी शेजारी. दोन्हीकडे विमानतळ आहे आणि दोघांमध्ये रीतसर वेळापत्रकातलं विमान चालतं. अंतर साधारण २.७ किलोमीटर, म्हणजे मोठ्या विमानतळावरची नुसती धावपट्टी कधीकधी याहून लांब असते. वेळापत्रकात उड्डाणाला २ मिनिटं दिलीत आणि वारा मागून असेल तर त्याहून कमी लागतात, रेकॉर्ड ५३ सेकंदांचं आहे. आता हेच दोन विमानतळ नेटवरच्या "अंतर आणि फ्लाइट टाइम काढा" टाइपच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकले की अंतर बरोबर येतं, पण वेळ येतो अर्धा तास!

हे असं का होतं ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. या कॅल्क्युलेटरचा नेहमीचा फॉर्म्युला एवढाच असतो की अंतर घ्या, ताशी ८०० किलोमीटरने भागा, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, झालं. मोठ्या शहरांमध्ये जेट विमानं उडतात तिथे हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. पण आडबाजूचे दोन विमानतळ घेतले की अंतराचा आकडा खरा राहतो आणि वेळेचा आकडा जवळजवळ काल्पनिक होतो, कारण तो अशा विमानाचा वेळ असतो जे तिथे उडतच नाही, आणि बरेचदा तिथे उतरूही शकत नाही.

आधी अंतराचं बघू, ते सोपं आहे आणि त्यात फसवणूक नाही. पृथ्वी गोल, त्यामुळे दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल तो. गणित असं की पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही ठिकाणांना रेषा काढल्या तर त्यांच्यामध्ये जो कोन होतो तो अक्षांश-रेखांशावरून काढायचा आणि दर अंशाला साधारण १११ किलोमीटर धरायचे. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताकडे त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६३५७, म्हणून गोल धरून केलेल्या हिशोबात फार फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. हजार किलोमीटरला पाच. सोडून द्या.

भिंतीवरच्या नकाशावर मात्र विश्वास ठेवू नका, निदान उत्तरेकडे तरी. अलास्काच्या टोकाला उत्कियाविक म्हणून गाव आहे, पूर्वी त्याला बॅरो म्हणायचे, आणि इकडे नॉर्वेच्याही वर स्वालबार्डमध्ये लाँगइयरबायन. नेहमीच्या नकाशावर एक पार डाव्या कोपऱ्यात आणि दुसरं मधोमधच्या उजवीकडे, बघून वाटतं अर्धं जग ओलांडायचंय. प्रत्यक्षात सरळ अंतर ३३८० किलोमीटरच्या आसपास, कारण वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. निघताना तोंड उत्तरेला आणि पोचताना तोंड दक्षिणेला, आणि पायलटने मध्ये कुठेही यू टर्न घेतलेला नाही. तेच नकाशावर सरळ आडवी रेघ मारून ७५ अक्षांशाच्या आसपासने गेलात तर ५००० च्या घरात जातं. रेखांशाच्या रेषा वर जाता जाता एकमेकींजवळ येतात ना, त्याचा हा परिणाम. ६० अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे १११ नाही, निम्मेच किलोमीटर असतात.

अंतर मिळालं ३३८०, कॅल्क्युलेटर वेळही देईल पावणेपाच तास. फक्त असं विमान कोणी चालवत नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं तर आधी मोठ्या शहरात या, तिथून दुसऱ्या खंडातल्या मोठ्या शहरात जा, मग परत वर चढा, त्यात दोन-तीन दिवस गेले तरी नवल नाही. आकडा चुकीचा नाहीये, तो न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मध्येच दोन शंका, कारण हा विषय निघाला की त्या येतातच. एक, विमान दहा किलोमीटर उंचावरून जातं म्हणजे अंतर वाढत असेल ना? वाढतं, पण ६३७१ च्या त्रिज्येत १० मिळवले तर वाढ होते ०.१६ टक्के, हजार किलोमीटरला दीड किलोमीटर. दुसरी, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली गाव आपोआप सरकत यायला पाहिजे. नाही येत, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत पोहतंय. चालत्या ट्रेनमध्ये उडी मारली तर तुम्ही मागच्या डब्यात पडत नाही, तसंच.

पण हवा पृथ्वीच्या मानाने जी जास्तीची हलते, म्हणजे वारा, तो मात्र जबरदस्त फरक पाडतो आणि इथे एक गंमत आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा अंतर ६०० किलोमीटर आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ५००. वारा नसेल तर जाऊन येऊन १२०० किलोमीटर, म्हणजे १४४ मिनिटं. आता ताशी १०० चा वारा लावा, जाताना मागून, येताना समोरून. जाताना वेग ६००, बरोब्बर एक तास. येताना वेग ४००, दीड तास. एकूण १५० मिनिटं. जाताना मिळालं ते येताना गेलं, हिशोब बरोबर, असं होत नाही, दरवेळी तोटाच होतो, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून राहता. आणि विमान जितकं हळू तितका तोटा मोठा. जेटला हाच १०० चा वारा चिमटा काढतो, छोट्या पंख्याच्या विमानाला तो थोबाडीत मारतो.

आणि आडबाजूला उडतात ती बहुतेक पंख्याचीच विमानं, ज्यातल्या बऱ्याचशांना टर्बोप्रॉप म्हणतात. एटीआर ७२ ताशी ५०० च्या आसपास जातं, डॅश ८ चं जुनं छोटं मॉडेलही तसंच, ट्विन ऑटर तर ३०० च्या आसपास. वेस्ट्रेला जातं ते आयलंडर त्याहूनही हळू. जेट का नाही पाठवत? रनवे. जेटला लांब, पक्की धावपट्टी लागते आणि बेटावर किंवा डोंगरात ती करायला सपाट जागाच नसते. नेपाळमधल्या लुकलाची धावपट्टी ५२७ मीटरची, तीही चढाची, समुद्रसपाटीपासून २८४५ मीटरवर, जिथे हवा विरळ असल्यामुळे विमानाला उडायला जास्त धावावं लागतं आणि धावायला जागा तर कमी. तिथे ८०० चा हिशोब लावणं म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर एक्सप्रेसवेचा स्पीड धरणं. कॅनडाच्या उत्तरेला खडीच्या धावपट्ट्या आहेत, तिथे उतरायला जुन्या बोइंग ७३७-२०० विमानांना खास किट बसवत, पुढच्या चाकाला ढाल वगैरे, म्हणजे उडालेली खडी इंजिनात जाऊ नये.

धावपट्टी वेळ ठरवते याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ग्रीनलंडचं. राजधानी नूक, तिथली धावपट्टी जेमतेम ९५० मीटर होती, त्यामुळे डॅश ८ सारखी छोटी विमानंच उतरायची. कोपनहेगनहून येणारं मोठं जेट उतरायचं कांगरलुसुआकला, जे गाव म्हणून अगदी छोटं पण अमेरिकन सैन्याने बांधलेली २८०० मीटरची धावपट्टी तिथे आयती होती आणि समुद्रापासून आत असल्यामुळे हवामानही बरं. तिथे सगळ्यांनी उतरायचं, छोट्या विमानाची वाट बघायची, आणि मग ३२० किलोमीटर दक्षिणेला नूक. नूकला धुकं आलं की कांगरलुसुआकलाच मुक्काम. मग २८ नोव्हेंबर २०२४ ला नूकची नवी २२०० मीटरची धावपट्टी सुरू झाली आणि कोपनहेगनहून जेट थेट यायला लागलं. दोन शहरांमधलं अंतर तेव्हाही साडेतीन हजार किलोमीटर, आताही साडेतीन हजार, ते एक वीतभर सुद्धा हललं नाही. प्रवास मात्र मधला थांबा आणि वाट बघणं जाऊन पाच तासांच्या आत आला. कॅल्क्युलेटर बिचारा आधीही पाच तासांच्या आतलाच आकडा सांगत होता, आधी तो खोटा होता आणि आता खरा झाला, त्याला काही खबर नाही.

आता खऱ्या अर्थाने आडबाजूची जोडी घेऊन हिशोब करून बघू. नूक आणि कॅनडामधलं इकालुइट, दोन्ही ६४ अक्षांशाच्या आसपास, मध्ये डेव्हिस सामुद्रधुनी. रेखांशाचा फरक जवळपास १७ अंश, त्या अक्षांशावर एक अंश म्हणजे ४९ किलोमीटरच्या आसपास, गुणाकार केला की ८२० च्या जवळ येतो. कॅल्क्युलेटरचा वेळ दीड तास. डॅश ८ चा वेळ काढायचा तर ८२० भागिले ५००, म्हणजे १ तास ३८ मिनिटं, वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो त्याची पंधराएक मिनिटं, झाले १ तास ५३. वारा त्या भागात बरेचदा पश्चिमेकडून, त्यामुळे नूकहून इकालुइटला जाताना सव्वादोन तास धरा आणि येताना पावणेदोन. या मार्गावर विमान चालवलं गेलंय, पण सिझनपुरतं, बारा महिने नाही. जेव्हा ते नसतं तेव्हा समोरच दिसणाऱ्या, म्हणजे नकाशावर समोर दिसणाऱ्या, गावाला जायला अटलांटिक ओलांडून युरोपात जाऊन परत यायची पाळी येते. ८२० किलोमीटरसाठी हजारो किलोमीटरचा प्रवास. जवळचं गाव लांब आणि लांबचं जवळ, असला प्रकार.

बरं, थेट विमान आहे असं दिसलं तरी ते मध्ये थांबतं का ते बघावं लागतं. पॅसिफिकमध्ये ग्वाम ते होनोलुलू असं एक प्रसिद्ध विमान आहे, युनायटेड ही अमेरिकन कंपनी चालवते, लोक त्याला आयलंड हॉपर म्हणतात. आपल्याकडच्या एसटीसारखं, चुक, पोनपे, कोस्राए, क्वाजालीन, माजुरो असं थांबत थांबत जातं, सगळे थांबे सगळ्या दिवशी नसतात. ग्वाम ते होनोलुलू सरळ ६१०० किलोमीटर, थेट विमान सात-साडेसात तासांत पोचवतं. हॉपरला पंधराच्या आसपास तास लागतात. यातली मधलीच जोडी बघा, पोनपे ते माजुरो. सरळ अंतर साधारण १४५० किलोमीटर, फॉर्म्युल्याने सव्वादोन तासांच्या थोडं वर. पण विमान कोस्राए आणि क्वाजालीन करत गेलं तर तीन उड्डाणं मिळून १६०० च्या वर किलोमीटर होतात. म्हणजे अंतर फक्त दीड-पावणेदोनशेने वाढलं, पण तीनदा चढणं, तीनदा उतरणं आणि दोन थांबे, प्रत्येक थांबा पाऊण तासाचा धरला तरी चार-पाच तास सहज. छोट्या पल्ल्यात विमान वेगात असतं तो वेळच कमी असतो, वर जाईपर्यंत खाली यायची तयारी सुरू. या विमानात मेकॅनिक सोबत घेऊन जातात आणि काही सुटे भागही, कारण मधल्या बेटावर काही बिघडलं तर तिथे कोण येणार दुरुस्त करायला.

यातूनच आडबाजूच्या उड्डाणांची दुसरी भानगड येते, इंधन. नेहमीच्या विमानात पोचण्यापुरतं इंधन, शिवाय तिथे उतरता आलं नाही तर जवळच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं, शिवाय शेवटचं राखीव, असं भरतात. पण जवळ दुसरा विमानतळच नसेल तर? ईस्टर बेटावरून चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरहून लांब आहे, तिथे उतरता आलं नाही तर आजूबाजूला पाणीच. अशा एकट्या विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा की तिथे पोचल्यावर डोक्यावर दोन तास उडत राहता येईल एवढं इंधन टाकीत पाहिजे. इंधन म्हणजे वजन, तेवढं वजन प्रवाशांमधून किंवा सामानातून कमी करायचं. म्हणून कधीकधी अशा ठिकाणी तुमची बॅग पुढच्या विमानाने येते, वाऱ्याचा अंदाज वाईट होता म्हणून जास्त इंधन घेतलं आणि बॅगा राहिल्या. फ्लाइट वेळेवर, बॅग चार दिवसांनी. हा वेळ कुठे धरायचा सांगा.

लांब समुद्रावरून जाताना पायलट एक जागा आधीच काढून ठेवतात, जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागेल. कोणीही म्हणेल की ती बरोब्बर मध्यावर असणार. नसते. वारा समोरून असेल तर पुढे जाणं हळू आणि मागे फिरणं फास्ट, म्हणून ती जागा पुढे सरकते. वरचंच उदाहरण, पुढे ४०० च्या वेगाने आणि मागे ६०० च्या वेगाने, तर ६०० किलोमीटरच्या वाटेत ती जागा ३०० वर नाही, ३६० वर येते: तिथून पुढे २४० किलोमीटर ४०० ने म्हणजे ३६ मिनिटं, मागे ३६० किलोमीटर ६०० ने म्हणजे तेवढीच ३६ मिनिटं. करून बघा कागदावर, मजा येते.

तिकिटावर जो वेळ लिहितात तो नुसता हवेतला नसतो हेही लक्षात ठेवा. विमान जागेवरून हललं तिथून ते दुसरीकडे जाऊन थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ. मोठ्या विमानतळावर यातला बराच वेळ रांगेत जातो, छोट्या ठिकाणी रांग नाही, टर्मिनलपासून धावपट्टी दोन मिनिटांवर, हा त्यांचा एकमेव फायदा. पण तिथे बरेचदा बाजूचा रस्ताच नसतो, म्हणजे विमान उतरलं की धावपट्टीवरच गोल वळून त्याच धावपट्टीवरून परत यावं लागतं, आणि ते बाजूला होईपर्यंत दुसरं कोणी उतरू शकत नाही. स्कॉटलंडमधल्या 'बारा' (Barra) नावाच्या बेटावर तर धावपट्टी म्हणजे समुद्रकिनाराच, भरती आली की ती पाण्याखाली, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटी बघून लावतात. विमान किती वाजता येणार याचं उत्तर चंद्राला विचारायचं!

मग स्वतः अंदाज कसा काढायचा? मी असं करतो: आधी तिथे खरंच विमान जातं का आणि आठवड्यातून कितीदा ते बघायचं, कारण आठवड्यातून दोनदा विमान असेल तर उड्डाण दीड तासाचं की दोन तासाचं याला काही अर्थ नाही, गुरुवारचं चुकलं की सोमवार. मग विमान कुठलं ते बघायचं, जेट असेल तर ८००, पंख्याचं असेल तर ५००, अगदी छोटं असेल तर २५० ते ३००. अंतर भागायचं, जेट असेल तर अर्धा तास, छोटं असेल तर पंधरा मिनिटं मिळवायची, आणि प्रत्येक थांब्याला पाऊण ते एक तास. वाऱ्यासाठी दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे. एवढं केलं तरी कॅल्क्युलेटरपेक्षा उत्तर बरं येतं.

राहिलं घड्याळ. नूक आणि इकालुइटमध्ये वर्षातले बहुतेक दिवस ३ तासांचा फरक असतो, त्यामुळे नूकहून दुपारी २ ला निघून सव्वादोन तास उडालात तर इकालुइटला वाजलेले असतात सव्वा. निघायच्या आधीच पोचलात. याच्यावर कडी म्हणजे सामोआ. एपियाजवळचा फालेओलो विमानतळ आणि अमेरिकन सामोआमधलं पागो पागो, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, छोटं विमान, अर्धा-पाऊण तास. पण २०११ च्या डिसेंबरमध्ये सामोआने वाररेषेची बाजू बदलली, २९ तारखेनंतर थेट ३१ उजाडली, आणि अमेरिकन सामोआ जुन्याच बाजूला राहिलं. आता दोघांच्या घड्याळात सारखेच वाजलेले असतात, फक्त वार वेगळा. सोमवारी सकाळी दहाला सामोआहून निघालात की पावणेअकराला पागो पागोला रविवार चालू असतो, हॉटेलचं बुकिंग सोमवारचं केलं असेल तर एक रात्र बाहेर. आणि तिथून त्याच रविवारी संध्याकाळी परत निघालात तर पाऊण तासाने सोमवारची संध्याकाळ, म्हणजे सकाळी निघालात त्याच दिवशी घरी, मध्ये एक रविवार जास्तीचा खाऊन.